आगमनकाळ : भयाचा नव्हे, आशेचा

नोव्हेंबर सरत आला की धाराशिव जिल्ह्यातील जीवन एका संधिकाळावर येऊन उभे राहते. खरिपाचा हिशेब पुरा झालेला असतो. पदरात पडले ते पडले, गेले ते गेले. रब्बीची ज्वारी शेतात उभी असते, पण तिचे कणीस अद्याप दूर असते. कळंब, वाशी, भूम या भागांतील ऊसतोडीची कुटुंबे बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. गावात म्हातारी माणसे आणि काही मुले मागे उरतात. त्यांच्या वाट्याला येते ते वाट पाहणे. याच सुमारास जगभरातील ख्रिस्ती मंडळींचे नवे उपासनावर्ष सुरू होते. वर्षाचा हा आरंभ उत्सवाने होत नाही, तोही वाट पाहण्यानेच होतो. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या या पर्वाला मराठी ख्रिस्ती समाज ‘आगमनकाळ’ म्हणतो.

जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. त्यामुळे हे पर्व बहुतेकांच्या नजरेआड राहते, आणि बाजारात चांदण्या व रंगीत दिवे दिसू लागले म्हणजेच नाताळ जवळ आल्याचे कळते. तथापि या पर्वाने उभा केलेला प्रश्न एका समाजापुरता मर्यादित नाही. जे यावयाचे आहे त्याची तयारी माणसाने कोणत्या मनाने करावी, भयाने की आशेने, हा तो प्रश्न होय. ज्या जिल्ह्याने दुष्काळ, भूकंप आणि महापूर हे तिन्ही अनुभवले आहेत, त्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

दोन प्रवाह

आगमनकाळाच्या इतिहासातच हे दोन प्रवाह आढळतात. पाचव्या शतकात गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिन यांच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याची रीत पडली. हा काळ पश्चात्तापाचा आणि कठोर आत्मपरीक्षणाचा मानला जाई. रोमच्या परंपरेत मात्र जन्मोत्सवाच्या आनंददायी प्रतीक्षेवर भर होता. पुढे हे प्रवाह एकमेकांत मिसळले. चर्चमधील वस्त्रांचा जांभळा रंग पश्चात्तापाची आठवण देतो, आणि तिसऱ्या रविवारी तोच रंग गुलाबी होऊन आनंदाची चाहूल देतो. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी ख्रिस्ताच्या तीन आगमनांचे विवेचन केले. पहिले आगमन इतिहासात होऊन गेलेले आहे, दुसरे काळाच्या अखेरीस व्हावयाचे आहे, आणि या दोहोंमधले तिसरे माणसाच्या अंतःकरणात दररोज घडू शकणारे आहे. पहिल्याविषयी कृतज्ञता वाटावी आणि तिसऱ्याविषयी ओढ, हे समजण्यासारखे आहे. खरा पेच पडतो तो दुसऱ्याविषयी. तेथे न्याय आहे, आणि न्याय म्हटला की भय आलेच, अशी सर्वसाधारण समजूत असते.

ही समजूत शतकानुशतके जोपासली गेली. अंतिम न्यायाची भीषण चित्रे चर्चच्या भिंतींवर रंगविली गेली, आणि प्रवचनांत नरकयातनांची वर्णने रंगू लागली. भय घातले की माणसे सन्मार्गाला लागतात, असा त्यामागील हिशेब होता. परंतु कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये उपासनावर्षाचे नवे नियम केले तेव्हा आगमनकाळाचे स्वरूप भक्तिमय आणि आनंदपूर्ण अपेक्षेचे असल्याचे स्पष्ट केले. हा धर्मात घातलेला नवा भाग नव्हता, मूळ गाभ्याकडे परतणे होते. शुभवर्तमानातील जन्मकथा पाहिली तर याची खात्री पटते. वृद्ध याजक जखऱ्या, कुमारी मरिया, सुतार योसेफ आणि रानात मेंढरे राखणारे मेंढपाळ या सर्वांना स्वर्गीय दूत भेटतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा पहिला निरोप भय सोडण्याचा असतो. त्यानंतरच तो पुढची वार्ता सांगतो.

भूकंपाची साक्ष

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये युगान्ताविषयीचे येशूचे बोल वाचले जातात. शुभवर्तमानांच्या त्या प्रकरणांत युद्धे, दुष्काळ, भूकंप आणि खवळलेल्या समुद्राचा उल्लेख आहे. दूर देशातील वाचकाला ही रूपके वाटतील. उमरगा-लोहारा परिसरातील माणसाला ती तशी वाटणार नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे काही क्षणांत कोसळली आणि लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. जी वाचली त्यांच्या मनात भयाने कायमचे घर केले. छपराखाली झोपण्याचे धैर्य होईना. जमिनीचा लहानसा हुंकारही माणसांना घराबाहेर काढी. आणि या भयाच्या पाठोपाठ दुसरे एक भय आले, ते म्हणजे हे कोणाच्या पापाचे फळ, असे विचारणारे.

या दुसऱ्या भयाला शुभवर्तमानात एक उत्तर आहे. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मरण पावली होती. ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न पुढे येताच येशूने त्याला स्पष्ट नकार दिला. मृतांच्या माथी पापाचे गाठोडे बांधण्याची मुभा त्याने कोणालाच दिली नाही. मात्र ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याने आपले मन पालटण्यास सांगितले. संकटाचा अर्थ दुसऱ्याच्या पापात शोधू नये, आपल्या पुढील वागण्यात शोधावा, असा त्याचा इत्यर्थ आहे. आणि युगान्ताची ती भयानक लक्षणे सांगून झाल्यावर लूकच्या शुभवर्तमानातील येशू शिष्यांना लपून बसा असे सांगत नाही. तो माना उंच करून उभे राहण्यास सांगतो, कारण सुटका जवळ आलेली असते.

या परिसराने नेमके हेच केले. बावन्न गावे नव्या जागी उभी राहिली. भिंतीत काँक्रीटचा पट्टा का घ्यावा, छपराचे ओझे का कमी करावे, कोपरे कसे बांधावेत, हे गवंडी आणि घरमालक शिकले. या पुनर्वसनात उणिवा होत्या. नव्या वसाहतींत जुन्या गावकुसाची ऊब राहिली नाही, ही तक्रारही खोटी नव्हती. परंतु ज्यांनी पुन्हा पाया खणला त्यांनी भूकंप आता येणारच नाही असे गृहीत धरले नव्हते. तो येऊ शकतो हे जाणूनच त्यांनी घर बांधले. आशा आणि भाबडेपणा यांतील भेद येथे दिसतो. भाबडा मनुष्य संकट नाकारतो आणि भ्यालेला मनुष्य घर नाकारतो. आशावंत संकट ध्यानात घेऊन घर बांधतो.

भीतीचे अर्थशास्त्र

भीतीने केलेली तयारी केवळ मनाला दुर्बल करते असे नव्हे. पुष्कळदा ज्याची भीती वाटते तेच ती ओढवून आणते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हे ठाऊक आहे. एखादी सुस्थितीतील पतपेढी बुडणार अशी आवई उठते. ठेवीदार पहाटेपासून रांगा लावतात, आणि न बुडणारी संस्था त्या रांगांमुळेच अडचणीत येते. टंचाई होणार या धास्तीने प्रत्येकजण चार महिन्यांचा किराणा भरतो आणि दुकानातील फळ्या एका दिवसात रिकाम्या होतात.

याची सर्वांत भीषण साक्ष १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने दिली. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्या वर्षी अन्नधान्याच्या एकूण उपलब्धतेत एवढ्या मोठ्या संहाराचा उलगडा होईल अशी घट नव्हती. युद्धकाळातील भाववाढ, घबराट आणि साठेबाजी यांमुळे धान्य गरिबांच्या हाताबाहेर गेले. ज्यांच्यापाशी होते त्यांनी भयाने दार लावून घेतले, आणि ज्यांच्यापाशी नव्हते ते दाराबाहेर मेले.

याच्या शेजारी १९७२ चा महाराष्ट्र ठेवून पाहावा. त्या दुष्काळात मराठवाडा होरपळून निघाला. जनावरे गेली, विहिरी आटल्या, लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर राबली. हाल पराकाष्ठेचे झाले, तरीही बंगालसारखा संहार झाला नाही. मागेल त्याला काम देण्याची व्यवस्था उभी राहिली, पाझर तलाव आणि रस्ते झाले, आणि पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कामांतील भ्रष्टाचाराविषयी आणि ढिलाईविषयी पुष्कळ बोलता येईल. पण त्यामागील मूळ भूमिका, संकट येणार असेल तर हात जोडून बसू नये किंवा कोठार बंद करू नये, चार हातांना काम द्यावे आणि पुढच्या पावसाचे पाणी अडवावे, ही आशेची भूमिका होती.

अध्यात्माच्या क्षेत्रातही हाच नियम लागू पडतो. भयाने केलेला उपवास, भयाने दिलेले दान आणि भयाने केलेली प्रार्थना ही एक प्रकारची साठेबाजीच होय. त्यात मनुष्य स्वतःच्या सुरक्षिततेसाठी पुण्याचा साठा करतो. येणाऱ्या देवाला भेटण्यापेक्षा त्याच्यापासून स्वतःला वाचविण्याची ती धडपड असते. चार आठवड्यांचे व्रत झाले तरी अशा माणसाचे दार बंदच राहते.

या मातीतील प्रतीक्षा

आगमनकाळ ही कल्पना या मातीला अगदीच अनोळखी आहे, असे कोणी समजू नये. प्रतीक्षेचा महिमा या जिल्ह्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. शारदीय नवरात्रापूर्वी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून, तुळजापूरची भवानी मंचकी निद्रेत जाते. सिंहासनावरील मूर्ती पलंगावर निजविली जाते, आणि अमावास्येपर्यंत सिंहासन रिकामे राहते. या दिवसांत भक्त हवालदिल होत नाहीत. देवी जागी होणार हे त्यांना ठाऊक असते. घरोघर झाडलोट होते, सारवण होते. मग घटस्थापनेला परडीत किंवा पत्रावळीवर शेतातील माती पसरून धान्य पेरले जाते. मातीखालचे धान्य दिसत नाही, पण नऊ दिवस त्याला पाणी घातले जाते. दोन धर्मांतील या कल्पना एकच आहेत असे म्हणणे दोहोंवर अन्याय करणारे होईल. एकीकडे दरवर्षीची जागृती आहे, तर दुसरीकडे इतिहासातील एका जन्माचे स्मरण आणि काळाच्या शेवटाची अपेक्षा आहे. तथापि रिकाम्या सिंहासनासमोर निश्चिंत मनाने तयारी करीत राहणे म्हणजे काय, हे तुळजापूरच्या यात्रेकरूला कोणी नव्याने शिकवावे लागत नाही.

दुसरी साक्ष तेरची. ख्रिस्ती शतकाच्या आरंभी हे गाव तगर या नावाने ज्ञात होते, आणि पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात त्याच्या व्यापाराची नोंद आहे. येशूचा जन्म ज्या रोमन साम्राज्यात झाला त्या साम्राज्याच्या बाजारपेठांशी तेरचा संबंध होता. याच तेरला पुढे गोरोबा कुंभार झाले. संतमेळ्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे त्यांनी थापटण्याने डोकी ठोकून पाहिल्याची कथा मराठी मुलाला शाळेतच भेटते. नामदेव रुसले आणि त्यांचेच मडके कच्चे ठरले. या कथेचा उत्तरार्ध मात्र अनेकदा विसरला जातो. कुंभाराने कच्चे मडके फोडून टाकले नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढे त्यांच्या अभंगवाणीने पंजाबपर्यंत मजल मारली. परीक्षा ही नाश करण्यासाठी नव्हती, भाजून पक्के करण्यासाठी होती. अंतिम न्यायाचा ख्रिस्ती विचार आशेच्या अंगाने समजून घ्यावयाचा असेल तर गोरोबांचे थापटणे डोळ्यांसमोर ठेवावे. ते डोक्यावर बसते तेव्हा दुखते हे खरे, पण ते ज्याच्या हातात आहे तो मडकी घडविणारा आहे.

मराठी भाषेनेही ही प्रतीक्षा पूर्वीच आपलीशी केली आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्या मराठी ओवीबद्ध ग्रंथाच्या दोन पुराणांपैकी पहिले संपूर्ण पुराण जुन्या कराराच्या कथांना, म्हणजेच तारणाऱ्याच्या प्रतीक्षेला वाहिलेले आहे. ख्रिस्ताचे चरित्र त्यानंतर येते. एवढा दीर्घ आगमनकाळ मराठीने चारशे वर्षांपूर्वी ओवीत गायिला आहे.

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला व्यवहारी माणसाचा आहे. भय नसेल तर शिस्त कोठली? परीक्षेच्या धास्तीने विद्यार्थी अभ्यास करतो आणि तपासणीच्या धास्तीने कचेरीतील कागद हलतात. यात तथ्य नाही असे नाही. परंतु भीती आणि सावधपणा यांत अंतर आहे. आगमनकाळ जागे राहण्याचा आग्रह धरतो. घरधनी कोणत्या प्रहरी परतेल हे सेवकाला ठाऊक नसते, म्हणून त्याने दिवा विझू देऊ नये, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त प्रसिद्धच आहे. मात्र मालकाच्या चाबकाला भिऊन जागणारा सेवक आणि परगावी गेलेल्या मुलाच्या शेवटच्या एसटीसाठी जागणारी आई, या दोघांचे जागरण एकसारखे नव्हे. पहिल्याला झोप अनावर होते. दुसरीला ती येतच नाही. धास्तीने केलेला अभ्यास परीक्षेनंतर आठ दिवसांत विसरला जातो, हे कोणताही शिक्षक सांगेल.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. भारतीय परंपरेने आशेकडे संशयाने पाहिले आहे. एका प्रसिद्ध सुभाषितात आशेला विलक्षण साखळी म्हटले आहे. तिने बांधलेला धावत सुटतो, आणि सुटलेला स्थिर बसतो. संतांनीही आशापाश तोडण्यास सांगितले. मग आशेचा पुरस्कार कसा करावा? येथे एका शब्दाने दोन भिन्न वृत्ती दर्शविल्या जातात, हे लक्षात घ्यावयास हवे. मला काय मिळेल, या विचाराभोवती फिरणारी आशा ही तृष्णाच होय, आणि तिचा त्याग योग्यच आहे. परंतु येणारा कोण आहे, यावर विसंबणारी जी वृत्ती तिला मराठीत ‘भरवसा’ असा सार्थ शब्द आहे. वारकरी पंढरीची वाट चालतो तो भरवशाने, तृष्णेने नव्हे. आगमनकाळाची आशा या दुसऱ्या जातीची आहे. त्यामुळे ती मनाला पळापळ करावयास लावीत नाही, स्थिर करते.

ती किती स्थिर करते, याची साक्ष आल्फ्रेड डेल्प या जर्मन जेझुइट धर्मगुरूने दिली आहे. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याच्या आरोपावरून बर्लिनच्या तुरुंगात असताना, १९४४ च्या डिसेंबरात, बेड्या घातलेल्या हातांनी त्याने आगमनकाळावर चिंतने लिहिली. कागदाचे कपटे धुण्याच्या कपड्यांतून बाहेर जात. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले. त्याची आशा सुटकेच्या हिशेबावर उभी असती तर ती व्यर्थ ठरली असती. परंतु त्याच्या लेखी माणसाचे सारे जीवनच आगमनकाळ होते, आणि तुरुंगाच्या भिंतींनी हे सत्य केवळ अधिक स्पष्ट केले होते. ज्याच्यापाशी भ्यावयास सर्वांत सबळ कारण होते त्याने आशेविषयी लिहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जागा करून देणे

भय आणि आशा ओळखावी कशी? दोहोंची तयारी वरवर सारखीच दिसते. दोघेही उपवास करतात, घर आवरतात, प्रार्थना करतात. परंतु भयाची तयारी दार लावून घेते, आणि आशेची तयारी येणाऱ्यासाठी जागा करते. बेथलेहेमच्या कथेत नेमका हाच प्रसंग आहे. रोमन सम्राटाच्या शिरगणतीसाठी दूरच्या गावी निघालेली एक गरीब गर्भवती स्त्री आणि तिचा पती यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. मूल गव्हाणीत ठेवावे लागले. गाव दुष्ट होते असे कथा म्हणत नाही. त्याच्यापाशी जागा नव्हती, एवढेच ती सांगते.

धाराशिवने अशी जागा करून दिल्याचा प्रसंग फार जुना नाही. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले. ‘सुबोध बायबल’चे कर्ते, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्षस्थानी होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूची या पदावर निवड होताच काही गटांनी विरोध केला, धर्मांतराची भीती घातली गेली आणि धमक्यांची भाषाही झाली. या भयाला गावाने घरे बंद करून उत्तर दिले नाही. संत गोरोबा काकांच्या नावाने उभारलेल्या साहित्यनगरीत ख्रिस्ती धर्मगुरूने अध्यक्षीय भाषण केले आणि दुष्काळी जिल्ह्यातील श्रोत्यांनी मंडप भरून ते ऐकले. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्या तीन दिवसांत कोणाचा धर्म बुडाला नाही. मराठीचे अंगण मात्र थोडे मोठे झाले.

परंतु बेथलेहेमची कथा पाहुण्या साहित्यिकापाशी थांबत नाही. आगमनकाळाच्या याच आठवड्यांत मराठवाड्यातील हजारो स्त्रिया उसाच्या फडाशेजारी कोपीत राहत असतात. त्यांत गर्भवती असतात, ओल्या बाळंतिणी असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, आणि एक दिवस कामाला न गेल्यास खाड्याचा भुर्दंड बसतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती वाढले आहे, हे २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या चौकशीतून पुढे आले तेव्हा महाराष्ट्र हळहळला. तीही भयाने केलेली तयारीच होती. खाडा पडू नये म्हणून, आजाराची धास्ती नको म्हणून, स्त्रीने आपला देहच अगोदर बंद करून टाकला. ज्या पर्वाच्या केंद्रस्थानी एका गरीब गर्भवतीची वाट पाहणी आहे, ते पर्व पाळणाऱ्याला, आणि त्याकडे आदराने पाहणाऱ्यालाही, या स्त्रीकडे पाठ फिरविता येणार नाही.

तिच्यासाठी जागा करणे म्हणजे काय? ऊसतोडीला गेलेल्यांची मुले गावातच शिकत राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती कागदावर राहते की मुलांच्या ताटापर्यंत पोहोचते, हे मुख्याध्यापकाने वेळेवर पाठविलेल्या यादीवर आणि कचेरीतील कारकुनाने त्याच दिवशी पुढे सरकविलेल्या कागदावर अवलंबून असते. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परांडा भागात पुराने पिकांबरोबर शेतातील मातीही वाहून नेली. अशा शेतकऱ्याचा अर्ज एका सहीसाठी टेबलावर पडून राहणे म्हणजे उतारशाळेत जागा नसल्याचे सांगणेच होय. विद्यार्थ्याला यांपैकी काही करता येत नसेल, तर आजोबांजवळ मागे राहिलेल्या वर्गबंधूला संध्याकाळी तासभर सोबत घेऊन अभ्यास करणे त्याला जमण्यासारखे आहे. आध्यात्मिक तयारी याहून निराळी काही असते, असा समज दूर व्हावयास हवा. मौन, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण ही या पर्वाची साधने आहेत, आणि त्यांचे मोल कमी नाही. परंतु त्यांनी मनात जी जागा मोकळी होते ती कोणाला तरी मिळावी लागते.

आगमनकाळात पेटविल्या जाणाऱ्या चार मेणबत्त्यांची प्रथा कशी पडली, हे या संदर्भात उद्बोधक आहे. जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवीत. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारीत. १८३९ मध्ये विखर्न यांनी एक जुने गाडीचे चाक घेतले आणि त्यावर रोजच्यासाठी लहान व रविवारसाठी मोठ्या मेणबत्त्या बसविल्या. दर दिवशी एक ज्योत अधिक पेटू लागली आणि मुलांना वाट पाहणे डोळ्यांनी दिसू लागले. त्या पोरक्या मुलांना शिक्षेचे भय घालून गप्प बसविणे सोपे होते. त्यांच्या गुरूने त्याऐवजी चाकावर उजेड मांडला.

ऊसतोडीच्या गाड्यांची चाके पाडव्याच्या सुमारास पुन्हा गावाकडे वळतील. तोवर ज्वारी काढणीला आलेली असेल, आणि नाताळही केव्हाच होऊन गेलेला असेल. परतणाऱ्या आईला आपले मूल शाळेच्या पटावर, वर्गात बसलेले आणि वाचू लागलेले आढळले, तर या जिल्ह्याने आगमनकाळ योग्य रीतीने पाळला असे म्हणता येईल. दाराला आतून कडी घालून कोणाची वाट पाहता येत नाही.